तलावाचा काठ : प्रकल्प नोंदी (ठाणे, मार्च ते नोव्हेंबर २०२४)

३ मार्च, रविवार

आजपासून वही सुरू. आमच्या इमारतीमागचा तलाव लहानच आहे, सहा-सात मिनिटांत फेरी होते. चारही बाजूंनी उभी सिमेंटची भिंत, वर कठडा, कठड्याबाहेर पेव्हर ब्लॉक. फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात दहा-बारा पावलं भिंत ढासळली आहे. तिथे माती उतरत उतरत पाण्यात जाते आणि लव्हाळा माजलाय.

गेल्या पावसाळ्यात मी आणि भाची नुसते फोटो काढत फिरायचो. दिवाळीत बसून फोटो लावायला घेतले, तर जवळजवळ सगळे त्या एका कोपऱ्यातले निघाले. उरलेल्या एवढ्या मोठ्या तलावाचे म्हणून जे होते, त्यात एक पाणकावळा आणि बाकी नुसतं पाणी. तेव्हापासून मनात बसलंय की पाण्याची चौकशी सगळे करतात, काठाची कुणी करत नाही. ठाणं तलावांचं शहर. मासुंदा, कचराळी, उपवन, सिद्धेश्वर, रायलादेवी, नावं घ्यावी तेवढी थोडी. बोलणं मात्र एवढंच होतं की पाणी हिरवं झालंय, वास येतोय, कारंजं बंद आहे.

काम असं ठरलं. दोन जागा : 'भ' म्हणजे भिंतीलगत, 'को' म्हणजे ढासळलेला कोपरा. पिठाची मोठी चाळणी काठीला बांधायची, दोन्हीकडे वीस-वीस वेळा फिरवायची, पांढऱ्या ट्रेमध्ये पालथी करायची. मोजायचं, फोटो काढायचा, सगळं परत पाण्यात. परवानगी मिळाली तर पावसाळ्यात भिंतीला झाडांच्या पेट्या बांधून बघायच्या. भिंतीला काठ लावता येतो का, हे मला बघायचं आहे.

१७ मार्च

पहिली मोजणी. सकाळी ७ ते ९.

भ : लाल अळ्या २६, गप्पी मासे ९, करंगळीच्या नखाएवढ्या गोगलगायी ४. संपलं.

को : लाल अळ्या ७, चतुरांच्या अळ्या ५, टाचण्यांच्या (चतुरासारख्याच, पण सुईसारख्या बारीक किड्यांच्या) अळ्या ८, पाणढेकूण ३, पाणविंचू १, गोगलगायी तीन जातींच्या मिळून १९, उलटे पोहणारे किडे मोजता आले नाहीत, गप्पी २. वर निवळ्या तरंगत होत्या त्या वेगळ्याच.

भाचीने लाल अळ्यांना 'गांडुळाची पिल्लं' म्हटलं. त्या न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या. आपल्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन त्यांच्या अंगात असतं, म्हणून लाल, आणि म्हणूनच प्राणवायू जेमतेम असलेल्या गाळातही त्या तग धरतात. भिंतीखाली त्याच जास्त सापडाव्यात यावरून तिथल्या तळाची कल्पना यावी.

चतुर आणि टाचणीच्या अळ्या ओळखायची खूण तिला लगेच जमली. शेपटीला तीन पानं दिसली की टाचणी. ती पानं म्हणजे तिचे कल्ले. चतुराच्या अळीचे कल्ले पोटाच्या मागच्या टोकात, आत असतात. तिथून पाणी आत घेते आणि घाबरली की तेच जोरात मागे सोडून पुढे झेपावते. ट्रेमधल्या एकीला ब्रशचं टोक लावलं तर ती एका दमात ट्रेच्या दुसऱ्या कडेला.

गढूळपणा मोजायला स्टीलच्या ताटलीला काळ्या-पांढऱ्या रंगाच्या चार फाका मारल्यात, व्यास बरोबर २० सेंटीमीटर. ताटली दोरीने खाली सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरूने १८६५ मध्ये समुद्रावर हे केलं, आजही जगभर असंच मोजतात. आमची ताटली ३४ सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली.

१४ एप्रिल

आज प्राणवायूचा दिवस. मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. साहेबांना विचारून बाटल्या आणि रसायनं आणली. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची विंकलरची पद्धत, १८८८ ची. ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखालीच भरायची, एकही बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनीज सल्फेट २ मिली, अल्कलाइन आयोडाइड २ मिली, बूच लावून उलटसुलट करायचं. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. नंतर आम्ल, आणि शेवटी थायोसल्फेटचं टायट्रेशन, म्हणजे स्टार्चची निळाई जाईपर्यंत ते थेंब थेंब मोजून घालायचं.

पहाटे साडेपाचला भिंतीकडची बाटली धरली, साका जेमतेम फिकट तपकिरी. आकडा १.९ मिलिग्रॅम प्रति लिटर. दुपारी तीनला त्याच जागी ११.८. तीस अंशांच्या पाण्यात हवेतून विरघळून साधारण साडेसात मावतो, त्याहून हे कितीतरी जास्त. पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसभर प्राणवायू सोडतं आणि रात्री तेच शेवाळ, गाळ, मासे, सगळे मिळून तो संपवतात. म्हणून दुपारी जाऊन एकदाच मोजलं तर तलाव ठणठणीत दिसतो. खरी तब्येत कळते पहाटे.

कोपऱ्यात पहाटे ३.४. फार नाही, पण जवळपास दुप्पट. एकाच दिवसाची एकेक बाटली आहे, यावरून लगेच काही म्हणायचं नाही.

२८ एप्रिल

मोजणी लवकर आटपली. तलावालगतच्या गावठाणातले तात्या कठड्यावर बसले होते, ऐंशीच्या पुढचे. काय करतेस विचारलं, मी सांगितलं. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आमचे वेलेला तलावाला काठ व्हता. आता निस्ती भित हाय."

मग त्यांनी तो काठ मला हाताने दाखवला. इथे म्हशी उतरायच्या, इथे बाया धुणी घेऊन यायच्या, त्या पिंपळाखाली पावसाळ्यात कासवं वर यायची, माती उकरून अंडी घालायची. पोरं अंडी शोधायला गेली की म्हातारी ओरडायची. "तवा कासव बघाया कोन थांबत नसं. आता पोरांना फोटूत दावाया लागतं."

ते सांगत होते ते मऊ पाठीचं, मागच्या पायांवर झडपा असलेलं आपलं पाणकासव. वन्यजीव कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत ते आहे. कठड्यावरून आम्हाला दिसतं ते मात्र डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं अमेरिकेतलं कासव, घरच्या टाकीत मोठं झालं म्हणून कुणीतरी आणून सोडलेलं. तीन आहेत. भिंतीवर चढता येत नाही म्हणून तुटक्या पाइपवर एकावर एक बसून ऊन घेतात.

१९ मे

उष्मा असह्य. पाणी हातभर खाली गेलंय. साडेपाचला गेले तर अख्ख्या पृष्ठभागावर तोंडं, तिलापिया वर येऊन हवा गिळत होते. पहाटेचा प्राणवायू १.१. फिरायला येणारे थांबून पाव टाकत होते, मासे भुकेने वर आलेत असं समजून. प्रत्येकाला हात जोडून सांगितलं की हे खायला नाही, श्वासाला वर आलेत आणि पाव कुजला की उरलासुरला प्राणवायूही जाईल. दोघांनी ऐकलं. एका आजोबांनी पिशवी माझ्याच हातात दिली.

९ जून

हवामान खात्याने आज मुंबईत मान्सून पोचल्याचं जाहीर केलं. रात्री नऊनंतर इथेही सडकून पडला.

आणि रात्री बेडूक! झोपले नाही. मोठ्या बेडकांचा आवाज खोल, पोटातून, म्हैस हंबरल्यासारखा. टॉर्च घेऊन भाचीला उठवून खाली गेलो. आवाज तलावातून नव्हताच. शेजारच्या बंद पडलेल्या बांधकामाच्या खड्ड्यातून होता. पत्र्याच्या फटीतून टॉर्च टाकला. गुडघाभर पाण्यात सात-आठ नर, पिवळेधमक, हळद फासल्यासारखे, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. एक ओरडला की दुसरा त्याच्यावर झेपावत होता. वर्षभर हे शेवाळी-तपकिरी असतात, पिवळेपणा फक्त या दिवसांतला.

भाचीने विचारलं, "मावशी, एवढा मोठा तलाव शेजारी असताना ते खड्ड्यात का?"

उत्तर तिथेच दिसत होतं. खड्ड्याला उतार आहे. पाणी कुठे बोटभर, कुठे गुडघाभर, कडेला चिखल आणि गवत. शिवाय नुकतंच साचलेलं पाणी, त्यात मासे नाहीत. तलावात गप्पी आणि तिलापिया एवढे दाटलेत की अंडी टिकणं कठीण. आणि टिकली तरी पाय फुटलेलं पिल्लू उभ्या भिंतीवरून बाहेर येणार कसं? बेडकांनी योग्य जागा निवडली होती.

२३ जून

खड्ड्यात बेडूकमासे हजारोंनी. मोठ्या बेडकाची पिल्लं ओळखू येतात, अंगाने जाड आणि हावरी, लहान जातींच्या पिल्लांना धरून खातात. एकाने दुसऱ्याची शेपूट तोंडात धरलेली होती आणि दोघंही पोहत होते.

पेट्यांची परवानगी आली. सहा पेट्या, भिंतीच्या दक्षिणेकडच्या दहा मीटरमध्ये, पाण्याच्या वाटेत अडथळा न येता.

३० जून

सकाळी डंपरचा आवाज. खड्ड्यात डेब्रिज टाकायला सुरुवात. एक बाजू संध्याकाळपर्यंत भरणार म्हणाले, दुसरी उद्या. काम करणाऱ्यांचा दोष नाही, त्यांना सांगितलंय तेवढं ते करतात. मुकादमाने तर आमच्यासाठी दोन तास उत्तरेकडची कड मोकळी ठेवली. वनविभागाला फोन करून सांगितलं, मग बादल्या घेऊन उतरलो. मी, भाची, इमारतीतली पाच मुलं आणि वॉचमनकाका.

तलावात सोडायचं नाही हे मुलांना दोनदा समजावलं. सोसायटीच्या बागेत वापरात नसलेला जुना हौद आहे, साधारण आठ फूट बाय पाच. त्यात खड्ड्यातलंच पाणी आणि खड्ड्यातलंच गवत टाकलं. नळाचं पाणी नाही, त्यात क्लोरीन असतं. मोठ्या बेडकाची पिल्लं जमतील तेवढी वेगळी काढून एका टबात, नाहीतर बाकीच्यांना खाऊन टाकली असती. हौदाच्या एका कोपऱ्यात विटा पायऱ्यांसारख्या रचून त्यावर गोणपाट अंथरलं. गोणपाट पाण्यातून थेट काठावर. म्हणजे हौदाला उतार मिळाला.

किती वाचवले सांगता येणार नाही. किती राहिले तेही नाही. संध्याकाळी पाच वाजता कड बुजली.

८ जुलै, सोमवार

रात्री एकपासून सकाळी सातपर्यंत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस. लोकल बंद, कामावर गेले नाही. हौद भरून वाहू नये म्हणून दर तासाला खाली जाऊन बादलीने उपसत राहिले, चाळणी आडवी धरून, म्हणजे पिल्लं बाहेर जाऊ नयेत. पेट्यांचं काम रखडलं.

१४ जुलै

पेट्या लागल्या. बांबूची चौकट ९० बाय ६० सेंटीमीटर, आत काथ्याची जाळी, कडेने पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बूच घट्ट करून बांधलेल्या. थर्माकोल वापरायचा नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं, तो कुरतडला जाऊन पाण्यात जातो. झाडं : कोपऱ्यातलाच लव्हाळा, रोपवाटिकेतून वाळा, दोन पेट्यांत पाणकणीस. वाळ्याची मुळं खोल जातात, पाण्यात लोंबतील आणि त्यांत अळ्यांना लपायला जागा होईल असा अंदाज. वर कठड्याच्या गजांना आणि खाली तळाच्या दगडांना नायलॉन दोरीने बांधल्या.

२१ जुलै

हौदाच्या गोणपाटावर पहिली चार बेडकं, अंगठ्याच्या नखाएवढी, शेपटीचा बुडखा अजून शिल्लक. ती विटांच्या पायरीवर बसून होती. आम्ही लांबूनच बघितलं. दुपारी पाऊस आला आणि चारही गवतात गेली.

कोपऱ्यात लव्हाळ्याच्या बुंध्याशी पाण्यापासून वीतभर वर माती थोडी उकरलेली दिसली. बोटाने बाजूला केली तर खळग्यात पांढऱ्या गोल अंड्यांचा गठ्ठा, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. मोठ्या शंखगोगलगायीची अंडी. हा प्राणी कल्ला आणि फुप्फुस दोन्ही बाळगून असतो, पाण्यात आयुष्य काढतो, पण अंडी घालायला ओल्या मातीवर येतो. माती परत झाकून ठेवली.

आता वहीत मागे जाऊन बघितलं. कासवाला अंडी घालायला माती लागते. गोगलगायीला ओली माती लागते. बेडकाच्या पिल्लाला चढायला उतार लागतो. टाचणी अंडी घालते ती पाणवनस्पतीच्या देठात टोचून, म्हणजे तिला देठ लागतो. चतुराच्या अळीला शेवटच्या दिवशी पाण्याबाहेर येऊन कात टाकायला काहीतरी उभं, खरखरीत लागतं. पाण्यातल्या म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यातल्या बहुतेकांचं आयुष्यातलं एक तरी मोठं काम पाणी आणि माती भेटतात त्या पट्ट्यात होतं. आम्ही तोच पट्टा काँक्रीट करून टाकला आणि मग पाणी गाळायची यंत्रं लावतो आहोत.

२५ जुलै

दिवसभर मुसळधार. संध्याकाळी कामावरून येताना बघितलं तर तीन पेट्या पाण्याखाली. पाणी हातभर चढलं आणि मी खालच्या दोऱ्या आखूड बांधल्या होत्या. पेट्या वर येऊ पाहतायत आणि दोरी खाली धरून ठेवतेय. चूक सर्वस्वी माझी. अंधारात टॉर्च तोंडात धरून गाठी सोडल्या.

२८ जुलै : नवी रचना. कठड्यापासून तळापर्यंत एक ताणलेली उभी दोरी, खाली दगड, आणि पेटीला पितळी कडी. कडी दोरीवरून वरखाली सरकते, पेटी पाण्याबरोबर चढते-उतरते. पाणकणसाचं एक रोप गेलं, बाकी जगली.

४ ऑगस्ट

पेट्यांखाली चाळणी फिरवली. पेट्या लावून तीन आठवडे झाले फक्त.

टाचण्यांच्या अळ्या ३. भिंतीलगत आजवर एकही मिळाली नव्हती. गोगलगायी ११. आणि दुसऱ्या पेटीच्या मुळांमध्ये पाणढेकूण, नर, पाठीवर अंडी. मादी अंडी नराच्या पाठीवर चिकटवून निघून जाते, पिल्लं बाहेर येईपर्यंत सगळं त्याच्याकडे. ट्रेमध्ये ठेवला तर तो थोड्या थोड्या वेळाने वर यायचा, पाठ पाण्याच्या पृष्ठभागाशी आणायचा, मागच्या पायांनी पाणी हलवायचा, की अंड्यांना हवा मिळावी. अंडी ओळीत, एकमेकांना टेकून, टोकं वर, मक्याच्या कणसासारखी. पाठ एवढी झाकलेली की त्याला पंख उघडताच आले नसते. भाचीने मोजायला घेतली, ८३ वर तो बुडी मारून ट्रेच्या कोपऱ्यात गेला, तेव्हा थांबलो. दोन मिनिटांत परत सोडला, त्याच मुळांत.

१८ ऑगस्ट

पहाटे पावणेपाच. आजची नोंद सावकाश लिहिते.

चौथ्या पेटीतल्या वाळ्याच्या पातीवर, पाण्यापासून टीचभर वर, चतुराची अळी चढून बसली होती. हलत नव्हती. टॉर्चवर लाल जिलेटिन लावून बघत राहिलो. पाचच्या सुमारास डोक्यामागची कात उभी फाटली आणि फिकट हिरवट पाठ फुगून वर आली. मग डोकं, मोठे निस्तेज डोळे, मग पाय. कातीत पांढरे दोरे ताणलेले दिसत होते, श्वासनळ्यांची आतली कात. अर्धं अंग बाहेर आल्यावर तो मागे झुकून डोकं खाली करून लोंबकळला आणि तसाच राहिला. भाचीला वाटलं मेला. मी घड्याळ बघत होते, पंचवीस मिनिटं. पायांना बळ येईपर्यंत तो तसाच असतो. मग एकाएकी उठून आपल्याच रिकाम्या कातीचं डोकं धरलं आणि पोट ओढून काढलं. पंख चुरगळलेल्या ओल्या कागदासारखे होते. अंगातलं पाणी शिरांत चढत गेलं तसे उलगडत गेले, आधी दुधी, मग काचेसारखे. सहा वाजून दहा मिनिटांनी पंख आडवे उघडले. साडेसहाला कावळा जवळ आला तेव्हा आम्ही दोघी कठड्याशी उभ्या राहिलो, एवढंच आम्ही केलं. सहा बेचाळीसला उडाला.

सोनेरी-पिवळसर, पावसाबरोबर थव्याने येतो तोच, पँटाला. याची अळी गरम पाण्यात सव्वा ते दोन महिन्यांत पूर्ण वाढते, म्हणजे जूनअखेरीला घातलेलं अंडं धरता येईल. पेटीच्या आधीचं. अळी भिंतीपाशीच वाढली, पेटीने तिला फक्त चढायला पात दिली. हे प्रामाणिकपणे नोंदवते, कारण चतुराच्या काती मला भिंतीच्या खडबडीत जागीही मिळाल्यात, जुलैपासून सहा. पण त्या फक्त दोन जातींच्या, आणि जिथे प्लास्टर गुळगुळीत आहे तिथे एकही नाही.

कात डबीत ठेवली आहे, आतले पांढरे दोरे अजून दिसतात.

८ सप्टेंबर

दीड दिवसाचे गणपती. तलावाशेजारी कृत्रिम हौद केलाय, निर्माल्याचे कलश वेगळे, बहुतेक लोक आपणहून तिकडे गेले. मुलांनी पेट्यांजवळ पुठ्ठ्याची पाटी लावली होती : 'इथे पिल्लं राहतात'.

१९ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी मंगळवारी झाली, आज साफसफाई. कामावरून आले तर दोन पेट्या नव्हत्या. बोटीवरच्या माणसांनी जलपर्णी समजून ओढून काढल्या, कडेला ढिगात पडलेल्या होत्या, उन्हात, दुपारपासून. पाटी विसर्जनाच्या गर्दीत गेली असणार. कंत्राटदाराच्या माणसाला परवानगीचं पत्र दाखवलं. त्याच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. वाईट वाटलं, फार. मुळं उलगडून शक्य तेवढ्या गोगलगायी बादलीत घेतल्या, ३१. टाचण्यांच्या अळ्या सगळ्या वाळल्या होत्या.

पत्राची प्रत प्लास्टिकमध्ये घालून कठड्याला लावली. यापुढे साफसफाईच्या आधी फोन करा, असं लिहून माझा नंबर त्या माणसाला दिला. त्याने तो माझ्यासमोर फोनमध्ये घातला.

६ ऑक्टोबर

येऊर. तुलनेसाठी वाहतं पाणी बघायचं होतं. जंगलाच्या हद्दीत न शिरता पाड्याशेजारच्या ओढ्यावर, तिथल्या एका मावशींसोबत. चाळणी वापरलीच नाही, फक्त दगड उचलून बघायचे आणि तसेच परत ठेवायचे.

पहिल्याच दगडाखाली तीन शेपट्यांची चपटी अळी, दगडाला छातीने चिकटलेली, मेफ्लायची. दुसऱ्याखाली वाळूचे कण जोडून केलेली नळी आणि नळीतून डोकावणारं डोकं, कॅडिसची अळी. हे दोघं थंड, खेळत्या, स्वच्छ पाण्यातले. तलावात ते शोधायचेच नाहीत, वाहत्या आणि साचलेल्या पाण्याची तुलना करून तलावाला नापास करणं अन्यायाचं होईल. पण एक गोष्ट इथेही तीच होती : ओढ्याची कड नुसती मुळांची, पानांची आणि खेकड्याच्या बिळांची.

मावशींनी बिळाच्या तोंडाशी खेकडा दाखवला. म्हणाल्या, "पहिल्या पावसात खेकडीच्या पोटाखाली पिल्लं असतात, ती आम्ही सोडतो." गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची पिल्लं पोटाखालच्या झाकणातच पुरती खेकड्याच्या आकाराची होऊन मग बाहेर पडतात. समुद्रातल्यासारखं अळी होऊन वाहत जाणं त्यांच्यात नसतं. म्हणून एक ओढा बुजला की तिथले खेकडे दुसरीकडून सहज येत नाहीत.

१० नोव्हेंबर

उरलेल्या चार पेट्यांखाली आणि नुसत्या भिंतीलगत, वीस-वीस फेऱ्या.

नुसती भिंत : लाल अळ्या ३१, गप्पी १४, गोगलगायी ५.
पेट्या : लाल अळ्या १२, टाचण्यांच्या अळ्या ९, चतुरांच्या २, पाणढेकूण ४, गोगलगायी २७, गप्पी ६.
कोपरा : टाचण्यांच्या १४, चतुरांच्या ७, बाकी मार्चसारखंच, शिवाय पृष्ठभागावर उसळ्या मारत जाणारे लहान बेडूक ५.

पहाटेचा प्राणवायू पेट्यांपाशी २.६, भिंतीपाशी २.४. म्हणजे पाण्यात काही फरक पडलेला नाही. चार पेट्यांनी तलावाचं पाणी सुधारत नाही आणि तसं कुणाला सांगायचंही नाही. पाणी तेच असताना जीव वाढले, हे मात्र वहीत आहे.

पेट्यांच्या भोवती घिरट्या घालणारे चतुर बहुतेक नारिंगी पंखांचे, ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा. नावातच प्रदूषण आहे, घाण पाणी यांना चालतं. हे एकटेच वाढत राहिले तर आनंद मानायचा नाही.

२४ नोव्हेंबर

मागच्या आठवड्यात कळलं की ढासळलेल्या कोपऱ्याची भिंत नव्या वर्षात दुरुस्त होणार आहे. दोन रात्री पत्र लिहीत होते. मागणी एवढीच : त्या दहा-बारा पावलांत उभी भिंत नको. धूप थांबवायची असेल तर सुटे दगड उतरते रचा, दगडांत माती राहू द्या, लव्हाळा कापा पण उपटू नका. सोबत नऊ महिन्यांच्या मोजण्यांचा तक्ता, गोगलगायीच्या अंड्यांचा फोटो, पाणढेकणाचा फोटो. इमारतीतल्या ४१ जणांच्या सह्या. तात्यांनी सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'इथे कासवं येत होती'.

शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकून पत्र दिलं, पोच घेतली, आवक क्रमांक वहीच्या आतल्या पानावर लिहिलाय. पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं.

आज सकाळी दोन नव्या पेट्यांच्या चौकटी भाचीने आणि मुलांनी बांधून ठेवल्या. काथ्या कमी पडला, बुधवारी आणायचा. निघताना चौथ्या पेटीवर टाचण्यांची जोडी बसलेली होती, नराने मादीला मानेशी धरलेलं, मादीचं पोट वाकून लव्हाळ्याच्या देठात पाण्याखाली टेकलेलं. ९.१५ ते ९.३१. त्या देठाला लाल दोरा बांधून ठेवलाय.